भयपटांच्या कादंबऱ्या पुन्हा छापून आल्या: काय घ्यावं, काय टाळावं

भयपटावरून लिहिलेली कादंबरी म्हणजे तिकिटाच्या जोडीला विकायचा किरकोळ माल, असा समज अजूनही पुष्कळांचा आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या या पॉकेट साइझ कादंबऱ्या आता एकेक करून नव्याने छापून येत आहेत, आणि त्यातल्या चांगल्या वाचल्या की हा समज गळून पडतो. नागपुरात बसून त्या मागवायच्या, तर मजकुराच्या शुद्धतेपासून पाठीच्या गोंदापर्यंत बरंच काही बघून घ्यावं लागतं. पुस्तकं घेण्यासारखी आहेत, जरूर घ्या. मात्र त्यांची प्रत्येक नवी आवृत्ती घेण्यासारखी नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

ही पुस्तकं चित्रपटापेक्षा वेगळी का निघतात हे कळलं, की कोणतं घ्यायचं हेही बरंचसं ठरतं. सिनेमा लागेल त्या सुमारास पुस्तक दुकानात हवं, असा प्रकाशकाचा आग्रह असे. त्यामुळे लेखकाच्या हाती तयार चित्रपट सहसा पडतच नसे. मिळे ती पटकथा, तीही बहुधा शूटिंगच्या आधीची, आणि लिहायला जेमतेम काही आठवडे. पुढे दिग्दर्शक सेटवर काय बदलेल, संकलनात कोणता प्रसंग उडेल, याचा लेखकाला पत्ता नसे. म्हणून पडद्यावरून गळलेले प्रसंग कादंबरीत शाबूत राहिले. शिवाय दीड-दोन तासांच्या पटकथेतून दोनशे पानं भरायची, तर पात्रांच्या मनात शिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पडद्यावर दार उघडणारा हात दिसतो. चांगल्या कादंबरीत तो हात कडीवर जाईपर्यंत त्या माणसाच्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते कळतं. भीती तिथेच तयार होते.

‘एलियन’पासून सुरुवात करावी, असं आमचं ठाम मत आहे. चित्रपट १९७९ चा, अ‍ॅलन डीन फॉस्टर यांची कादंबरीही त्याच वर्षीची, आणि २०१४ मध्ये ब्रिटनच्या टायटन बुक्सने ती पुन्हा बाजारात आणली. स्टुडिओने गुप्ततेपायी फॉस्टर यांना सिनेमातल्या परग्रहावरच्या प्राण्याचं चित्रसुद्धा दाखवलं नव्हतं. ज्याच्यावर अख्खा सिनेमा उभा, तो प्राणी न बघताच त्यांना लिहावं लागलं. परिणाम असा, की कादंबरीत त्याचं रूप कुठेच नीट हाती लागत नाही आणि वाचणाऱ्याला ते स्वतःच भरून काढावं लागतं. चित्रपट पाठ असलेल्या माणसालाही हे पुस्तक नवं वाटतं ते यामुळे. सुरुवात होते ती अंतराळातल्या जहाजावर झोपलेल्या सात जणांच्या स्वप्नांपासून. हे पडद्यावर दाखवणं शक्यच नव्हतं. कोषात अडकलेला कॅप्टन डॅलस नायिका रिप्लीला सापडतो, तो प्रसंगही यात आहे. थिएटरमधल्या प्रेक्षकांना तो १९७९ मध्ये दिसलाच नाही, २००३ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत आला. वाचकांकडे मात्र तो पहिल्या छपाईपासून होता. जहाजाच्या यंत्रणेबद्दलच्या गप्पा अधूनमधून लांबतात, तिथे थोडा धीर धरावा.

फॉस्टर यांचंच ‘द थिंग’ १९८२ चं. यात बर्फावर पळालेल्या कुत्र्यांचा पाठलाग येतो, जो चित्रपटात नाही. अंटार्क्टिकाची थंडी इथे पानापानांवर अंगावर येते. ‘एलियन’ आवडलं तर हे पुढचं.

‘हॅलोवीन’ची गोष्ट वेगळी. चित्रपट १९७८ चा, कादंबरी १९७९ ची, मुखपृष्ठावर नाव कर्टिस रिचर्ड्स, जे रिचर्ड कर्टिस यांचं टोपणनाव. चित्रपटाची सगळी ताकद यात आहे, की खुनी मुलगा असा का झाला याचं उत्तर तो देत नाही. कादंबरी मात्र थेट प्राचीन केल्टिक काळात जाते. एन्डा नावाचा विद्रूप मुलगा, डीअर्ड्रा नावाची मुलगी, सणाच्या रात्रीचा खून आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला शाप, अशी प्रस्तावना करून मगच अमेरिकेतल्या त्या घरात शिरते. त्या खुनी मुलाला, लहानग्या मायकलला, आवाज ऐकू येतात, हेही कादंबरीचंच. शापाचं हे स्पष्टीकरण आम्हाला पटत नाही. त्याने भीती कमी होते. पण मायकलचे मनोरुग्णालयातले दिवस ज्या प्रकरणांत येतात, ती या संपूर्ण लेखनप्रकारातली उत्तम पानं आहेत. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर लूमिस यांना या मुलाबद्दल एवढी खात्री का, याचं उत्तर चित्रपटात दोन-चार संवादांत उरकलेलं आहे. इथे ते हळूहळू उलगडतं. बॅण्टम या प्रकाशनसंस्थेच्या जुन्या छपाईच्या प्रतीला संग्राहक शेकडो डॉलर मोजतात. वाचण्यासाठी तेवढे घालवण्याचं काही कारण नाही.

‘द ओमेन’चे लेखक डेव्हिड सेल्ट्झर यांनी पटकथा आणि कादंबरी दोन्ही स्वतःच लिहिल्या, आणि १९७६ मध्ये पुस्तक चित्रपटाच्या आधी बाजारात आणलं गेलं. त्यामुळे हे पुस्तक आधी आलं आणि चित्रपट त्यावरून निघाला, असं अनेकांना वाटतं. राजदूत थॉर्न पुस्तकात जेरेमी आहे, पडद्यावर रॉबर्ट. धर्मगुरूचं नाव पुस्तकात टॅसोन, पडद्यावर ब्रेनन. नावं वेगळी दिसली म्हणून प्रत नकली समजू नका. भाषा साधी, प्रकरणं आटोपशीर. इंग्रजी कादंबऱ्यांची फारशी सवय नसलेल्यांनाही हे सहज जाईल. जॉर्ज गाइप यांचं १९८४ चं ‘ग्रेमलिन्स’ भयापेक्षा गमतीकडे झुकतं. तरी मोगवाय, म्हणजे त्यातला केसाळ लहानसा प्राणी, कुठून आला याची परग्रहावरची जन्मकथा आणि त्याच्या नजरेतून दिसणारं घर हवं असेल, तर ते फक्त पुस्तकातच मिळतं. जॉर्ज रोमेरो आणि सुझाना स्पॅरो यांचं ‘डॉन ऑफ द डेड’ मूळ १९७८ चं, २०१५ मध्ये गॅलरी बुक्सने पुन्हा काढलं. मॉलमध्ये अडकलेल्या माणसांचा कंटाळा त्यात छान उतरला आहे, बाकी ते चित्रपटाच्या मागे मागेच चालतं. आधी बाकीची घ्यावी.

इतकी खपणारी पुस्तकं नाहीशी का झाली? एक कारण व्हिडिओ कॅसेट. थिएटरमधून सिनेमा उतरला की तो पुन्हा अनुभवायचा मार्ग म्हणजे कादंबरी. कॅसेट घरात आल्यावर ती गरज उरली नाही. दुसरं कारण हक्कांचं, आणि आजही पुनर्मुद्रण अडतं ते तिथेच. या कादंबऱ्यांचे हक्क बहुतेक वेळा लेखकाकडे नसून स्टुडिओकडे असतात. प्रकाशकाला ठराविक मुदतीचा परवाना असतो. मुदत संपते, स्टुडिओ विकला जातो, प्रकाशनसंस्था दुसरीत विलीन होते, आणि करार नक्की कोणाच्या कपाटात आहे हे शोधण्यातच वर्षं जातात. डिस्नेने ‘एलियन’चा स्टुडिओ फॉक्स विकत घेतल्यावर फॉस्टर यांना ‘एलियन’च्या पुस्तकांची रॉयल्टी मिळेनाशी झाली. अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये हा विषय जाहीरपणे लावून धरला आणि २०२१ मध्ये तो मिटला. म्हणून प्रत विकत घेताना अधिकृत परवान्याची ओळ बघणं हा लेखकाच्या पोटाचाही प्रश्न आहे.

छोट्या प्रकाशकांचं काम इथे फार मोलाचं. अमेरिकेतल्या एन्सायक्लोपोकॅलिप्ससारख्या संस्था एकेका शीर्षकामागे लागून हक्क सोडवतात आणि जुनी कादंबरी पुन्हा उभी करतात. मोठे प्रकाशक नव्या चित्रपटांवर कादंबऱ्या काढतात, जसं टिम वॅगनर यांचं २०२१ चं ‘हॅलोवीन किल्स’. त्या सफाईदार असतात, पण पडद्यावर नसलेलं काहीतरी हाती लागण्याचा जुन्या पुस्तकांतला आनंद त्यात कमी.

आता खरेदी. सगळ्यात जास्त फसगत होते ती नावातल्या सारखेपणामुळे. ‘द फॉग’ नावाने शोधलं की जेम्स हर्बर्ट यांची १९७५ ची कादंबरी समोर येते. तिचा जॉन कारपेंटर यांच्या चित्रपटाशी काडीचाही संबंध नाही. चित्रपटावरची कादंबरी डेनिस एचिसन यांची, १९८० ची. याच एचिसन यांनी जॅक मार्टिन या नावाने ‘हॅलोवीन’च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या कादंबऱ्या लिहिल्या, तेव्हा त्या शोधताना दोन्ही नावं टाकावीत. नुसतं ‘हॅलोवीन’ मागवलं तर २०१८ च्या चित्रपटावरची, जॉन पासारेला यांची कादंबरी घरी येऊ शकते. ‘द एक्सॉर्सिस्ट’ आणि ‘जॉज’ तर या प्रकारात मोडतच नाहीत. त्या मूळ कादंबऱ्या, चित्रपट त्यांवरून निघाले. पोस्टरचं मुखपृष्ठ लावलं म्हणून प्रकार बदलत नाही. खूण सोपी आहे. आतल्या पहिल्या-दुसऱ्या पानावर ‘अमुक यांच्या पटकथेवर आधारित’ अशी ओळ असेल तर ती चित्रपटावरची कादंबरी. विक्रेत्याने त्या पानाचा फोटो दिला नसेल तर मागावा. सोबत प्रकाशकाचं नाव, छपाईचं वर्ष, पानांची संख्या आणि ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन क्रमांक जुळवून घ्यावा. फक्त दहा आकडी क्रमांक असेल तर प्रत जुन्या छपाईची असण्याचीच शक्यता जास्त.

मजकुराची शुद्धता हा या आवृत्त्यांचा खरा कस. १९७९ च्या पुस्तकाची संगणकीय फाइल नसते. जुनी प्रत स्कॅन करायची, यंत्राकडून अक्षरं ओळखून घ्यायची आणि मग माणसाने मूळ प्रतीशी ओळ न्‌ ओळ ताडून मुद्रितशोधन करायचं, असा रस्ता आहे. शेवटची पायरी गाळली की घाण होते. पिवळ्या पानावरची शाई पसरलेली असते, त्यामुळे इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की यंत्र त्यांना एम वाचतं. मग ‘मॉडर्न’चं ‘मोडेम’ होतं आणि ‘बर्न’चं ‘बम’. सी आणि एल जवळ आले की डी होतो, ‘क्लिअर’चं ‘डिअर’. हे शब्द स्वतंत्रपणे बरोबरच असल्याने शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमला सापडत नाहीत. ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दातली रेघ नव्या मांडणीत ओळीच्या मधोमध येऊन बसते. तिरपी अक्षरं सरळ होतात, आणि पात्राच्या मनातलं वाक्य निवेदकाच्या तोंडी जातं. सगळ्यात वाईट म्हणजे दोन प्रसंगांमधली कोरी ओळ गिळली जाते. भयकथेत ती कोरी ओळ फार काम करत असते: तळघराच्या पायऱ्यांवर प्रसंग थांबला आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या घरातलं जेवण सुरू झालं, तर लेखकाने साधलेला ताण तिथेच संपतो.

त्यामुळे ऑनलाइन नमुना पानं असतील तर आधी ती वाचा. दहा पानांत अशा दोन चुका दिसल्या, तर पुस्तकभर त्या असणारच. नमुना नसेल तर ई-बुकचा मोफत भाग उतरवून बघावा. छापील प्रत बहुधा त्याच फाइलवरून निघालेली असते. जुन्या प्रतीतली मधली फोटोंची पानं किंवा मूळ पोस्टरचं मुखपृष्ठ नव्या आवृत्तीत नसेल तर तक्रार करू नये. फोटोंचे, पोस्टरच्या चित्राचे आणि नटांच्या चेहऱ्याचे हक्क मजकुरापासून वेगळे असतात, आणि छोट्या प्रकाशकाला ते परवडत नाहीत.

अनेक शीर्षकं आता मागणीनुसार एकेक प्रत छापून मिळतात. यात पानं गहाळ होण्याचा प्रकार क्वचित. तो ऑफसेटचा, म्हणजे पुष्कळ प्रती एकदम छापण्याच्या पद्धतीचा दोष, तिथे सोळा पानांचा एखादा फॉर्म दोनदा लागतो किंवा गळतो. एकेक प्रतीच्या छपाईत बिघडतं ते दुसरंच. मुखपृष्ठ दोन-तीन मिलिमीटर सरकतं आणि पाठीवरचं नाव कडेवर येतं. आतली मोकळी जागा कमी ठेवली असेल तर ओळीचा शेवट पाठीकडच्या खाचेत जातो आणि वाचताना पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरावं लागतं. तसं ताणलं की पाठ फाटते. प्रत हाती आल्यावर मधलं पान उघडून टेबलावर ठेवा. आतल्या बाजूला अर्धा इंच मोकळा नसेल तर परत करण्याची मुदत असेपर्यंत परत करा.

पुढचा भाग खास नागपूरकरांसाठी. या पेपरबॅकची पानं शिवलेली नसतात, गरम गोंदाने चिकटवलेली असतात. स्वस्त बाइंडिंगमधला हा गोंद साठ-सत्तर अंशांच्या पुढे नरम पडतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एवढं तापमान सहज होतं. सदर भागात गाडी लावून दोन तासांनी परत आलात, की पाठ वाकलेली आणि मधली पानं बाहेर सरकलेली दिसतात. स्कूटरच्या डिकीचंही तेच. अशी प्रत थंड होईपर्यंत उघडू नये. सपाट ठेवून वर दोन जाड पुस्तकांचं वजन द्यावं, पाठ बऱ्याचदा पुन्हा बसते.

कूलरचा त्रास वेगळा. नव्या पेपरबॅकच्या मुखपृष्ठाला बाहेरून मॅट लॅमिनेशन असतं, आतला कागद उघडा. कूलरच्या ओल्या हवेत आतला कागद ओलावा पिऊन फुगतो, वरचं प्लास्टिक फुगत नाही, म्हणून मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. वाचून झाल्यावर पुस्तक पलंगावर उघडं टाकलं तर सकाळी ते कमानीसारखं उभं असतं. यात छपाईचा दोष नाही, त्यासाठी प्रत परत करू नका. रॅक कूलरच्या झोताबाहेर, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर हवा. पुस्तकं उभी, एकमेकांना आधार देतील इतकीच जवळ ठेवा. ती फार कोंबली तर काढताना पाठीचं वरचं टोक फाटतं. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्या ठेवत असाल, तर कापडाच्या पुरचुंडीत, लॅमिनेशनला टेकणार नाहीत अशा.

सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत बघायला जरूर जा. इंग्रजी भयकथांत तिथे मूळ कादंबऱ्यांचीच गर्दी असते, चित्रपटावरची क्वचित निघते. निघाली तर आधी पाठ बघा, पान नंतर. त्या काळचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो आणि आम्लामुळे ठिसूळ होतो. पानाचा कोपरा हलकेच दुमडून सोडला आणि तो तुटला, तर ती प्रत वाचण्याच्या लायकीची उरलेली नाही. आमच्याकडच्या उन्हाने सुकलेला गोंद पहिल्या काही पानांतच तडकतो. दुर्मीळ शीर्षक असेल तर कपाटात ठेवायला ती घ्या, आणि वाचायला नवी आवृत्ती.

परदेशी आवृत्ती मागवताना छापील किंमत म्हणजे खर्चाचा एक भागच. अमेरिकेत १५ ते २० डॉलरला असलेल्या पेपरबॅकवर टपाल कधीकधी पुस्तकाइतकंच पडतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण आयात पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पाने पाच टक्के सीमाशुल्क लावलं, आणि कुरिअरवाले हाताळणीचा आकार वेगळा घेतात. तीन-चार जणांनी मिळून एकदम मागवलं तर टपाल वाटून जातं. धारपांच्या कादंबऱ्या नव्या छपाईत घेणारे, मतकरींच्या गूढकथा पुन्हा पुन्हा वाचणारे वाचक नागपुरात कमी नाहीत, तेव्हा असा गट जमवणं अवघड नाही. विक्रेत्याला पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा घालायला सांगा. नुसत्या बुडबुड्यांच्या पाकिटात कोपरे वाकतातच. शक्यतो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत मागवा. जुलैच्या पावसात पाकीट गेटवर अडकवून जाणाऱ्या डिलिव्हरीला लॅमिनेशनही पुरं पडत नाही.

पैसे मोजकेच असतील तर ‘एलियन’ची टायटन आवृत्ती छापील घ्या आणि ‘द ओमेन’ जुन्या बाजारातून. ‘हॅलोवीन’ची मात्र पहिल्या कादंबरीची, मूळ १९७९ च्या मजकुराची, परवान्याची ओळ असलेली प्रतच घ्यावी. तिच्या नावाने फिरणाऱ्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये वर सांगितलेल्या सगळ्या चुका एकत्र नांदतात आणि मनोरुग्णालयाची ती प्रकरणं त्यात वाचवत नाहीत.